जाऊबाईच्या नावाचं कार्ड

आधीच सांगून टाकते, मी यातून वाचले. तेव्हा पुढचं वाचताना माझी काळजी करू नका. काळजी करायचीच असेल तर आज तुमच्या गावात जी पोरगी घराच्या मागच्या खोलीत लपवून ठेवलेली आहे, तिची करा. ती कोणत्या घरात आहे हे शेजाऱ्यांना ठाऊक असतं. आमच्याही शेजाऱ्यांना ठाऊक होतं.

इथे माझं नाव पल्लवी. खरं वेगळं आहे. सगळ्यांचीच नावं बदलली आहेत, कारण यात लिहिलेल्या गोष्टीसाठी अजूनही कोणी आत जाऊ शकतं. आज मी एकवीस वर्षांची आहे. नागपुरात जरीपटक्यात एका खोलीत नवऱ्यासोबत राहते, दुकानांच्या साड्यांना फॉल-पिको करून देते, आणि रोज सकाळी बीपीची गोळी घेते. एकविसाव्या वर्षी बीपीची गोळी घेणारी आमच्या गल्लीत मी एकटीच. समोरच्या सत्तरीच्या काकू मला आपल्या बरोबरीची समजून गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगतात.

लग्न

दहावीचा निकाल लागला त्या महिन्यात बसस्टॉपवर एका मुलाने मला एक वही दिली. वही माझीच होती, वर्गात विसरलेली. त्याने ती आणून दिली, मी घेतली, एवढंच झालं. पण पाहणाऱ्यांनी ते पाहिलं आणि बाबांच्या कानावर घातलं. तीन आठवड्यांत स्थळ ठरलं.

मौद्याजवळचं गाव. मुलगा सचिन, तेवीस वर्षांचा, वीज केंद्रातली राख वाहणाऱ्या टिप्परवर ड्रायव्हर. लग्न देवळात लागलं. पत्रिका छापल्या नाहीत, बँड नव्हता, मांडव नव्हता. कोणी फोन करून तक्रार केली तर लग्न थांबेल ही भीती. मला सोळा पूर्ण झाली होती. धाकटी बहीण कोमल तेव्हा तेरा वर्षांची. ती माझ्या शेजारी बसून माझ्या बांगड्या मोजत होती.

सचिन वाईट माणूस नाही हे मला इथे लिहायचं आहे. तो बोलत नाही, एवढाच त्याचा दोष, आणि तो दोष मला किती महाग पडला ते पुढे येईलच.

कार्ड

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. सासूबाईंना आनंद झाला, आणि लगेच घोर लागला. गावात नाव नोंदवायचं तर आशाताई आधार कार्ड मागणार, आधारवर जन्मतारीख असते, आणि माझ्या जन्मतारखेचा हिशेब कोणीही बोटांवर करू शकलं असतं.

सासूबाई हुशार. त्यांचं माहेर आमच्या गावापासून वीसेक किलोमीटर. तिथल्या उपकेंद्रात मला घेऊन गेल्या, आणि टेबलावर आधार ठेवलं ते रेखाताईंचं. रेखाताई म्हणजे माझी मोठी जाऊ. वय पंचवीस, पदरी दोन मुलं. आधारवरचा फोटो तसाही कोणाचा आपल्यासारखा दिसत नाही.

सिस्टरांनी विचारलं, "तिसरी खेप का?"

"होव," सासूबाई म्हणाल्या, आणि पिशवीतून रेखाताईंची जुनी फाईल काढून दिली.

त्या फाईलमधलं सगळं माझ्या नव्या कार्डावर उतरलं. पहिलं बाळंतपण नॉर्मल, दुसरं नॉर्मल, रक्तगट बी पॉझिटिव्ह. माझं रक्त घेतलं, पण हिमोग्लोबिनसाठी. गट पुन्हा कशाला पाहायचा, तो फाईलमध्ये होताच. मी सतरा वर्षांची पहिलटकरीण, आणि कागदावर दोन मुलांची अनुभवी आई.

खरं सांगते, मला तेव्हा गंमत वाटली. घरी आल्यावर मी रेखाताईंना चिडवलं, "ताई, अभिनंदन. तुमाले तिसरं होऊन राहिलं."

त्या हसल्या नाहीत. हातातली कणीक मळत म्हणाल्या, "माह्या नावानं काही इपरीत नको होऊ दे वं, बाई."

मागची खोली

पोट दिसायला लागल्यावर माझा मुक्काम मागच्या खोलीत हलला. तिथे धानाची पोती रचलेली असायची. आमच्या गावच्या आशाताई, त्यांना मंगलाताई म्हणू, पंधरा दिवसांनी फेरी करायच्या. त्यांचा आवाज अंगणात आला की मी पोत्यांच्या मागे जाऊन बसायची.

"धाकटी सून कुठी हाय?"

"माहेरी गेली."

"तिच्या चपला तं इथंच हायेत."

"दुसऱ्या घेतल्या तिनं."

पोत्यांच्या भुशाने मला शिंका यायच्या. नाक दाबून, तोंडात पदर कोंबून मी बसून राहायची. मंगलाताई जरा वेळ थांबायच्या आणि जायच्या. मागून त्यांनी मला सांगितलं, त्यांना शंभर टक्के माहीत होतं. वर कळवायचं त्यांनी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा माघार घेतली, कारण त्यांना त्याच गावात राहायचं होतं. मी त्यांच्यावर रागावले नाही. पोत्यामागून एक शिंक मीही देऊ शकले असते की. नाही दिली.

ती दुपार

आठव्या महिन्यात पाय इतके सुजले की सचिनच्या चपलाही होईनात. मग हात सुजले, मग तोंड. उपकेंद्रातल्या सिस्टर शेवटच्या खेपेला म्हणाल्या होत्या, बीपी थोडं वर आहे, पण तुझी काही पहिली वेळ नाही, आराम कर आणि आठवड्याने ये. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यासमोर मी बसले होते, पण त्यांच्या हातातल्या कार्डावर दुसरी बाई होती.

दोन दिवस डोकं ठणकत होतं. नुसतं दुखत नव्हतं, आतून कोणी मुसळ मारावं तसं. पोटाच्या वरच्या बाजूला कळ यायची. सासूबाईंनी ओवा दिला, अपचन असेल म्हणून. त्या दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते आणि मला एकेक खडा दोन दोन दिसायला लागला.

मी रेखाताईंना हाक मारली. "ताई, ताटात दोन दोन खडे दिसून राहिले मले."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि थेट सासूबाईंकडे गेल्या. "आई, हिले दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

"संध्याकाळी सचिन आला का पाहू."

"संध्याकाळ कायले? तोंड पाहा ना तिचं!"

इथपर्यंत मला आठवतं. त्यानंतर ताट खाली पडल्याचा आवाज, आणि मग काही नाही. लोक विचारतात, फिट आली तेव्हा कसं वाटलं. कसंच नाही वाटलं. मी तिथे नव्हतेच.

मला नंतर सांगितलेलं

यापुढचं मला रेखाताईंनी सांगितलं, एकदाच आणि तुकड्या तुकड्यांनी.

माझे हातपाय ताठ झाले, डोळे वर गेले, जिभेला दात लागून रक्त आलं. रेखाताईंनी सरकारी अँब्युलन्सला फोन लावला, तर सासूबाईंनी तो हातातून हिसकावून घेतला. अँब्युलन्स दारात उभी राहिली असती तर सगळ्या गावाने पाहिलं असतं. मग कोणाची तरी खासगी गाडी मागच्या बांधावरून घराच्या पाठीमागे आणली. त्यात अर्धा तास गेला. गाडीत दुसरी फिट आली. जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन देऊन त्यांनी लगेच नागपूरला पाठवलं. माझ्यासोबत ते कार्डही निघालं.

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मला थेट ऑपरेशनला घेतलं. मुलगी झाली. एक किलो सहाशे. तिला लगेच नवजात बाळांच्या वॉर्डात नेलं आणि पायाला पट्टी बांधली, 'रेखा यांचे बाळ'.

मग माझं रक्त थांबेना.

रक्तासाठी कागद गेला त्यावर कार्डातला गट लिहिलेला होता, बी पॉझिटिव्ह. रक्तपेढीतून उलट निरोप आला: कागदावर बी पॉझिटिव्ह, बाटलीतल्या नमुन्यात ओ निगेटिव्ह, नमुना बदललेला दिसतो, नवीन पाठवा. तिथली रीतच तशी आहे. कागद आणि रक्त जुळल्याशिवाय ते पिशवी हातात देत नाहीत, आणि नाही दिली म्हणूनच बी पॉझिटिव्ह माझ्या अंगात गेलं नाही. दुसरा नमुना गेला. पुन्हा ओ निगेटिव्ह. या जाण्यायेण्यात मी टेबलावर रिकामी होत होते.

बाहेर व्हरांड्यात सासूबाई, रेखाताई, टिप्पर तसाच सोडून आलेला सचिन, आणि माझे बाबा उभे होते. डॉक्टरबाई कार्ड हातात घेऊन बाहेर आल्या.

"हे कार्ड कोणाचं आहे?"

"तिचंच," सासूबाई म्हणाल्या.

"तिचं नाही. गट दोनदा तपासला. निगेटिव्ह रक्त शोधायला वेळ लागतो, आणि तिच्याकडे वेळ नाही. आत कोण आहे ते मला सांगा. नाव, वय, कितवी खेप."

सासूबाईंनी खाली पाहिलं. बाबांनी भिंतीवरचं काहीतरी वाचायला घेतलं. सचिनने तोंड उघडलं आणि मिटलं. चौघांनाही माहीत होतं आणि तिघे गप्प होते.

रेखाताई पुढे झाल्या. "रेखा मी हाय, मॅडम. कार्ड माहं हाय. आत पल्लवी हाय. तिची पहिलीच खेप हाय, अन् तिले सतरा वर्षं हायेत."

सासूबाईंनी तिथेच त्यांच्या थोबाडीत दिली. डॉक्टरबाईंनी पाहिलंही नाही, त्या फोन लावत आत गेल्या होत्या.

रक्तपेढीत ओ निगेटिव्हची एकच पिशवी होती, ती लागली. दुसऱ्यासाठी तिथल्या माणसाने वही काढून फोन फिरवायला सुरुवात केली. सहावा की सातवा फोन मनीषनगरातल्या एका मास्तरांना लागला. ते रात्री स्कूटरवर आले, रक्त दिलं, आणि रेखाताईंना विचारलं, "पेशंट कोण लागते तुमची?" ताई म्हणाल्या, "माही लहान जाऊ." ते म्हणाले, "ताट अर्धं ठेवून आलो, निघतो." त्यांचं नाव आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

अंधार

मला जाग आली तेव्हा मी म्हटलं, "लाईट गेली का?"

"नाही बेटा, लाईट आहे," कोणीतरी म्हणालं.

मला दिसत नव्हतं. डोळे उघडे होते, हात लावून पाहिले, आणि समोर काहीच नव्हतं. या आजारात असं होतं कधी कधी, बहुतेकांची नजर परत येते, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. मी फक्त 'बहुतेकांची' हा शब्द धरून बसले. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही, मरायचीसुद्धा नाही.

दोन दिवस मी तो आयसीयू कानांनी आणि नाकाने ओळखला. सकाळी फिनाईलचा वास, मग चाकांचा आवाज, मग दंडावर बीपीचा पट्टा आपोआप आवळायचा आणि सुटायचा. घशाला कोरड, आणि पाणी द्यायचं नाही असा हुकूम. एक मावशी ओला कापूस ओठांवर फिरवायच्या. त्या सांगायच्या, "थुंकू नको, चोखून घे," आणि हळूच एक थेंब जास्त पिळायच्या.

दर पाळीला नवीन सिस्टर यायची आणि शुद्ध तपासायला विचारायची, "नाव काय तुझं?"

पहिल्यांदा मी म्हटलं, "रेखा." सहा महिने तेच सांगायला शिकवलं होतं.

"ते नाही. तुझं सांग."

मला थोडा वेळ लागला.

बाळ खालच्या मजल्यावर होतं. मला उठता येत नव्हतं, नळ्या होत्या. आणि त्या वॉर्डात आईशिवाय कोणाला सोडत नसत. बाळाच्या पायाची पट्टी अजून तीच होती, 'रेखा यांचे बाळ', आणि रेखाताईंकडे त्यांचं आधार होतं. दारावरच्या शिपायाने नाव पाहिलं आणि त्यांना आत सोडलं. माझ्या मुलीला माझ्या घरातलं फक्त एकच माणूस भेटलं, ते असं.

त्या वर यायच्या आणि मी विचारायची, "कशी हाय?"

"एवढुशी हाय. केस भल्ले हायेत डोक्यावर. नाक तुह्यासारखं, चपटं."

"चपटं काहून म्हणता?"

"जे हाय ते म्हणते, बापा."

आम्ही दोघी हसलो. टाके ओढले गेले म्हणून मी हसायची थांबले. बोट दिलं तर धरते का, असं विचारलं. ताई म्हणाल्या, धरते, सोडतच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या, स्टुलावर बसल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "आज काय म्हणते चपटं नाक?" त्यांनी माझा हात धरला. हात भिजलेला होता. मला कळलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मला आधी हिरवा पडदा दिसला, मग सलाईनची बाटली, मग माझे स्वतःचे हात. सगळे म्हणाले, देवाची कृपा. तोपर्यंत सचिन आणि बाबा तिला घेऊन गेले होते. तिचा फोटो नाही. माझी मुलगी तीन दिवस या जगात होती आणि मी तिला पाहिलेलं नाही. यावर मला आणखी काही लिहिता येत नाही.

एकोणीस

दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं. पेशंट अठराच्या आतली असली की ते बांधील असतात. सहाव्या दिवशी महिला पोलीस येणार असं सिस्टरने सांगितलं, आणि तासाभरात बाबा माझ्या खाटेशी होते.

"एकोणीस म्हण," ते म्हणाले. "नाही तं जावई आत जाईन, मी पण जाईन. तुही माय अन् कोमल कोणाच्या तोंडाकडं पाहीन?"

सचिन पायथ्याशी माझ्या चपला हातात घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो एक शब्द बोलला असता, कोणताही, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. तो बोलला नाही.

पोलीसबाई माझ्या आईच्या वयाच्या होत्या. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, खुर्ची जवळ ओढली, आणि अगदी हळू विचारलं, "वय किती गं तुझं?"

"एकोणीस."

"मग तुझी जाऊ सतरा का म्हणाली?"

"तिले माहीत नाही. ती घाबरली होती."

त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं. शाळेचा दाखला आणि माझं आधार हरवलं म्हणून बाबांनी सांगितलं, कार्ड घाईत बदललं गेलं म्हणून सांगितलं, आणि प्रकरण मिटलं.

ज्या बाईने खरं बोलून माझा जीव वाचवला, तिला मी सहा दिवसांत खोटारडी केली. घरी गेल्यावर सासूबाईंनी रेखाताईंशी बोलणं टाकलं. जेठांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, त्यांना दोन महिने माहेरी धाडलं, मुलं ठेवून घेतली. मला मात्र गरम पाणी, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी. मी लाडू खाल्ले. एकदाही तोंड उघडून म्हटलं नाही की ताई खरं बोलत होत्या.

ताई परत आल्यावर मी त्यांचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "जित्ती हायेस ना? मंग झालं. सोड, भात करपून राहिला."

मीच त्या घरात राहू शकले नाही. बाळंतपणाला वर्ष झालं तेव्हा सचिनला जरीपटक्यातल्या एका कापडाच्या दुकानात काम मिळालं आणि आम्ही नागपूरला आलो.

जिला हे लागू आहे तिच्यासाठी

पोरी, डोकं दोन दिवस सतत दुखत असेल, तोंड-हात सुजले असतील, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, पोटाच्या वर कळ येत असेल, तर संध्याकाळची वाट पाहू नको. ओवा बाजूला ठेव. आणि दवाखान्यात गेलीस की आपलं नाव सांग, आपलं वय सांग, पहिली खेप असेल तर पहिली म्हण.

वय सांगितलं तर पोलीस येतील का? येतील. मी खोटं सांगून तुला गोड वाटेल असं लिहिणार नाही. पण आधी उपचार होतात, पोलीस मागून येतात. ही भीती घरच्यांची आहे, आणि ती खरी आहे, पण ती तुझ्या अंगावर टाकून त्यांना मोकळं होऊ देऊ नको. लग्न करून देताना त्यांनी तुला विचारलं नव्हतं.

साक्षगंध

बाळंतपणानंतर दोन वर्षांनी आईचा फोन आला. आवाजात आनंद. "रविवारी कोमलचं साक्षगंध हाय. पोरगा चांगला हाय, नोकरीवाला. तू अन् जावई शनिवारीच या."

साखरपुडा ठरलेली कोमल तेव्हा सोळा वर्षांची, अकरावीत.

मी म्हटलं, "आई, माह्यासोबत काय झालं विसरली का तू?"

"काय झालं? देवानं वाचवलं ना तुले. पोलीससुद्धा आले अन् गेले. काही झालं का कोणाले?"

मी फोन ठेवला आणि मशिनीवर बसले. कोणालाच काही झालं नव्हतं. माझ्या एकोणीसने सगळ्यांना वाचवलं होतं, आणि आता त्याच भरवशावर ते कोमलला उभं करणार होते.

सचिन घरी आल्यावर मी त्याला सांगितलं, मी तिथे सगळं बोलणार आहे. "तुमाले आत टाकू शकतात."

तो जेवता जेवता थांबला. मला वाटलं, नेहमीसारखा गप्प बसेल. पाणी प्यायला आणि म्हणाला, "मी त्या दिवशी बोलाले पाह्यजे होतं. रविवारी किती वाजता निघायचं?"

रविवारी घरापुढे मांडव होता, खुर्च्या होत्या, आलूपोहे वाटणं चालू होतं. कोमल जांभळ्या साडीत, मेहंदी, नाकात नवी चमकी. ती मला पाहून धावत आली. ती खूश होती, हेही मला लिहिलं पाहिजे. तिला तो मुलगा आवडला होता.

मुलाकडची मंडळी पाटावर बसली, ओटी भरायची वेळ आली, आणि मी उभी राहिले. मी म्हटलं, "मी पोलिसांले एकोणीस सांगितलं होतं, ते खोटं होतं. मी सतरा वर्षांची होती. माही पोरगी तीन दिवसांत गेली अन् मी मरता मरता राहिली. ही कोमल सोळाची हाय. आत्ता थांबलं नाही तं मी इथूनच फोन लावते, अन् यावेळी वय खरं सांगीन."

मुलाकडचे लोक पोलीस हा शब्द ऐकताच उठले. दहा मिनिटांत त्यांच्या दोन्ही गाड्या निघाल्या. आई मांडवात बसून रडत होती. बाबा माझ्यासमोर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तू दवाखान्यातच मेली असती तं बरं झालं असतं."

सचिन फाटकाशी मोटरसायकलजवळ उभा होता. तो आत आला आणि बाबांच्या आणि माझ्या मध्ये उभा राहिला. "मामाजी, चूक माही हाय. तिले काही म्हणू नका," एवढंच म्हणाला. त्यानंतर बाबांनी आजतागायत माझ्याशी बोलणं ठेवलेलं नाही.

कोमल आत गेली आणि तिने कडी लावली. मी दाराबाहेर बसून हाका मारल्या. आतून ती ओरडली, "तुह्या पोरीचं झालं ते माह्यावर काहून काढून राहिली? जा इथून!" मी गेले. चार महिने तिने माझा फोन उचलला नाही. मग बारावीच्या फॉर्मसाठी फोटो हवे होते म्हणून एकदा बोलली, तेही तुटक.

ती आता अठरा पूर्ण आहे. नर्सिंगचा फॉर्म भरला आहे, तिथे नंबर लागला नाही तर पुढे काय ते तिचं तिला ठरवायचं आहे. मागच्या महिन्यात माझ्या खोलीवर आली होती. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, माझ्या मशिनीवर बसून एक साडी वाकडी शिवली, आणि निघताना चप्पल घालत म्हणाली, "मले अजूनही तुहा राग येते, माहीत हाय ना?"

मी म्हटलं, येऊ दे. राग यायला ती आहे.